पहिलीपासून इंग्रजी : धोरण वर्गात का उतरत नाही?

प्रश्न असा आला आहे : सरकारने प्राथमिक शाळेत पहिलीपासून इंग्रजी आणलं. मुलांच्या घरच्या भाषा तीन-चार, शाळेची भाषा त्यांतली एखादी किंवा त्यांतली एकही नाही, शिक्षक दोन-तीन, पुस्तकं उशिरा येतात आणि पुरत नाहीत. धोरण वाचायला चांगलं वाटतं, मग वर्गात ते उतरत का नाही? आणि अशा शाळेने करायचं तरी काय?

मी शिक्षक प्रशिक्षणात काम करते, त्यातला बराचसा वेळ अशाच वर्गांच्या मागच्या बाकावर बसून गेला आहे. माझं उत्तर आधी सांगून टाकते. हे धोरण मुलांमुळे अडत नाही. ते दोन ठिकाणी अडतं. एक तर ते आखताना वर्गात प्रत्यक्ष उभा असलेला शिक्षक डोळ्यांसमोर नसतो. इंग्रजी सहज बोलणारा कुणी दुसराच शिक्षक धरून सगळं ठरवलेलं असतं. दुसरं म्हणजे क्रम उलटा लागतो. मूल कुठल्याही एका भाषेत समजून वाचायला लागायच्या आधीच त्याच्यापुढे इंग्रजी मजकूर येतो. हे दोन्ही तसंच ठेवून ‘पहिलीपासून की तिसरीपासून की पाचवीपासून’ यावर कितीही वाद घातला तरी वर्गातलं चित्र हलत नाही.

सुरुवातीलाच एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण धोरणांच्या मसुद्यांत याची सर्रास गल्लत होते. इंग्रजी विषय म्हणून शिकवणं वेगळं आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणं वेगळं. पहिल्यासाठी शिक्षकाला मर्यादित पण नेमकी इंग्रजी पुरते. दुसऱ्यासाठी त्याला बाष्पीभवन, अपूर्णांक, लोकसंख्येची घनता हे सगळं तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगता येईल इतकी इंग्रजी लागते, आणि मुलांनाही ते ऐकून कळेल इतकी लागते.

दुसरी गोष्ट घाईने केली की काय होतं ते रवांडात दिसलं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने शाळांचं माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी अंमलबजावणी सुरू झाली. बहुतेक शिक्षकांचं स्वतःचं शिक्षण फ्रेंचमधून झालेलं. २०११ मध्ये पहिल्या तीन इयत्तांसाठी सरकार किन्यारवांडा या स्थानिक भाषेकडे परतलं आणि २०१९ च्या अखेरीस पुन्हा पहिलीपासून इंग्रजी जाहीर झाली. रवांडात जवळपास सगळी जनता किन्यारवांडा बोलते, म्हणजे वर्गात चार भाषा असण्याची अडचण तिथे नव्हतीच. तरीही एका दशकात धोरण तीनदा फिरलं. मलेशियाकडे साधनं बरीच जास्त होती. तिथे २००३ पासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं, २००९ मध्ये ते मागे घ्यायचा निर्णय झाला आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने तो अंमलात आला. शहरी आणि ग्रामीण मुलांमधलं अंतर वाढलं, हे कारण खुद्द सरकारने पुढे केलं होतं.

आता वर्गात जाऊ. चौथीचा वर्ग, शेजारी तिसरीही बसलेली, बाई एकच. पाठ असा : एक मुलगा आजीला दवाखान्यात नेतो. बाई एक वाक्य वाचतात, वर्ग ते मोठ्याने म्हणतो. मग बाई अर्धं वाक्य म्हणून थांबतात : “द ग्रँडमदर वॉज…” वर्ग एका सुरात : “सिक!” “सिक म्हणजे?” “आजारी!” पुढचं वाक्य. आवाज खणखणीत, सगळ्यांचे हात वर, पाठ वेळेत संपतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, काय छान चाललंय. तास संपल्यावर मी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाला जवळ बोलावून विचारलं, “हू वॉज सिक?” तो म्हणाला, “सिक.” प्रश्न बदलला, शाळेच्या भाषेत विचारलं, “कोण आजारी होतं?” तो शेजारच्याकडे पाहू लागला. त्याच्या घरची भाषा तिसरीच होती. त्याच्यापुरता तो पाठ एका न कळणाऱ्या भाषेतून दुसऱ्या अर्धवट कळणाऱ्या भाषेत गेला होता.

यात बाईंचा आळस कुठेही नव्हता. त्यांच्या पुस्तकात जवळपास प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलने आपल्या लिपीत उच्चार लिहिलेला होता, काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेला. रात्री बसून केलेली तयारी होती ती. अशी पुस्तकं मी खूप शिक्षकांकडे पाहिली आहेत आणि तपासणीला आलेले अधिकारी त्यावरून नापसंती दाखवतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्या शिक्षकाला पदवीपर्यंत कुणी इंग्रजीत चार वाक्यं बोलायला लावली नाहीत, त्याला आपण एका परिपत्रकाने इंग्रजीचा शिक्षक करतो. मग तो वर्गात स्वतःला सांभाळायचा मार्ग शोधतो. समूहाने म्हणणं, गाळलेला शब्द भरणं, भाषांतर करणं. या तिन्हींत अनपेक्षित प्रश्न येण्याची शक्यता कमीत कमी असते. मूलही सुरक्षित, शिक्षकही सुरक्षित. प्रशिक्षणात ‘हे करू नका’ एवढंच सांगितलं तर तो ते आपल्यासमोर थांबवेल आणि आपण गेल्यावर पुन्हा सुरू करेल. त्याच्या हातात तितकंच सुरक्षित पण जास्त उपयोगी असं काहीतरी द्यावं लागतं. त्याकडे मी पुढे येते.

वेळेचा हिशोब कुणी मांडत नाही, म्हणून तो इथे मांडते. चाळीस मिनिटांची तासिका, आठवड्याला पाच, वर्षात ३५ कामाचे आठवडे. झाले साधारण ११७ तास. एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता असल्या की लगेच निम्मे, म्हणजे ५८. त्यातून परीक्षा, सर्वेक्षणं, बैठका, शिक्षकांच्या रजा आणि मुलांची गैरहजेरी वजा केली की ४० तास उरले तरी खूप. युरोपीय भाषा-चौकटीत ‘ए-२’ म्हणजे रोजच्या साध्या गोष्टी बोलता-समजता येण्याची पातळी. तिथवर पोचायला इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेच्या अंदाजाने मार्गदर्शनाखालचे १८० ते २०० तास लागतात, आणि त्यापुढच्या ‘बी-१’ला ३५० ते ४००. वर्षाला ४० या दराने पाच वर्षांत मूल फार तर ‘ए-२’च्या दाराशी पोचतं, तेही प्रत्येक तास चांगला गेला असं धरून. विज्ञानाचं पुस्तक वाचायला ‘ए-२’ पुरत नाही. म्हणजे चौथी-पाचवीत माध्यम इंग्रजी करायचं असेल तर ते जमणार नाही हे नुसत्या गणितातच दिसतं. मुलं किती हुशार आहेत, शिक्षक किती मेहनती आहेत, याने त्या गणितात फारसा फरक पडत नाही.

दक्षिण आफ्रिकेत नेमकं हेच होत आलं. १९९७ च्या भाषा धोरणाने घरच्या भाषेवर इतर भाषांची भर घालायची असं तत्त्व मांडलं होतं. प्रत्यक्षात बहुसंख्य मुलं तीन वर्षं आफ्रिकी भाषेत शिकून चौथीत एकदम इंग्रजी माध्यमात जात राहिली. तिथल्या भाषा-अभ्यासकांनी १९९० च्या सुमारासच दाखवून दिलं होतं की या वळणावर मुलांकडे काहीशे इंग्रजी शब्द असतात आणि पुढच्या इयत्तेची पुस्तकं काही हजार शब्द मागतात. पण त्या देशाचीच दुसरी आकडेवारी मला जास्त अस्वस्थ करते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत तिथली चौथीतली ७८ टक्के मुलं मजकुराचा अर्थ लावून वाचू शकली नाहीत. २०२१ मध्ये हे प्रमाण ८१ टक्के होतं. आणि २०१६ ची ती चाचणी मुलं पहिली तीन वर्षं ज्या भाषेत शिकली त्याच भाषेत घेतली होती. म्हणजे मातृभाषेतून शिकवलं की काम झालं, हेही खरं नाही. मातृभाषेतलं वाचनही पद्धतशीर शिकवावं लागतं. त्यासाठीही पुस्तकं लागतात, शिक्षकाला वाचन कसं शिकवायचं हे माहीत असावं लागतं. मातृभाषेच्या बाजूने बोलणारी आमच्यातली बरीच मंडळी इथे हात आखडता घेतात, आणि मग पालक इंग्रजी शाळेकडे वळले की त्यांना दोष देतात.

वाचनाचा मुद्दा थोडा तपशिलात सांगते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या १३ भाषांतली मुलं पहिलीच्या अखेरीस किती शब्द अचूक वाचतात हे पाहिलं होतं. बहुतेक भाषांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं. इंग्रजीत एक तृतीयांशच्या आसपास. आणि ही मुलं स्कॉटलंडमधली होती, घरी-दारी इंग्रजी बोलणारी. कारण उघड आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ सरळ नाही. ‘पुट’ आणि ‘कट’ यांत एकच स्वर लिहायचा आणि दोन तऱ्हांनी म्हणायचा. ज्या भाषेत लिहिलं तसं वाचलं जातं, तिच्यात मुलाला ‘लिपी म्हणजे काय’ हा उलगडा लवकर होतो. तो एकदा झाला की दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७० च्या दशकाच्या शेवटापासून हेच सांगत आले : एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची शक्ती दुसरीत उतरते. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती धोरणकर्त्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. खेळताना, गप्पा मारताना लागणारी भाषा स्थलांतरित मुलं दोनेक वर्षांत उचलतात. अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं जातात. ही गोष्टही कॅनडातली, जिथे चोवीस तास इंग्रजी कानावर पडते. ज्या गावात इंग्रजी फक्त वर्गातच ऐकू येते, तिथे घाई करायला जागाच नाही.

‘मग मातृभाषेत शिकवा’ म्हणणंही बहुभाषिक शाळेत सोपं नसतं. कोणाची मातृभाषा? फिलिपिन्सने २०१२ पासून पहिल्या तीन इयत्तांसाठी मातृभाषेतून शिक्षण देशभर आणलं, २०१३ च्या कायद्याने त्याला बळ दिलं. त्यासाठी १९ भाषा निवडल्या गेल्या. देशात बोलल्या जातात दीडशेहून जास्त. एकाच वर्गात तीन भाषांची मुलं, शिक्षकाला त्यांतली एक येते, पुस्तक चौथ्याच भाषेच्या प्रमाणरूपात, असे प्रसंग ठिकठिकाणी उभे राहिले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या कायद्याने ती सक्ती काढून घेतली. या अनुभवावरून काही जण मातृभाषेची कल्पनाच चुकीची ठरवतात. मला तसं वाटत नाही. पुस्तकं आणि शिक्षक तयार व्हायच्या आत वेळापत्रक लागू झालं, हे तिथलं खरं दुखणं, आणि इंग्रजीच्या धोरणाचंही दुखणं तेच आहे.

शाळेच्या पातळीवर मात्र भाषांची ही गुंतागुंत कागदावर दिसते तितकी हाताबाहेरची नसते. शिक्षकाला सगळ्या भाषा याव्यात अशी अट नाहीच. मुलाला आपल्या भाषेत विचार करायची, उत्तर शोधायची मोकळीक मिळावी आणि ते उत्तर वर्गात यावं, एवढं पुरतं. एकाच भाषेची दोन-तीन मुलं शेजारी बसवायची. पाठ सुरू करण्याआधी त्यांनी आपसात आपल्या भाषेत चित्राबद्दल बोलायचं. मग ज्याला शाळेची भाषा थोडी जास्त येते त्याने ते वर्गाला सांगायचं. वरच्या वर्गातली मुलगी आठवड्यातून दोनदा खालच्या वर्गाला तिच्या भाषेत गोष्ट सांगू शकते. गावातली एखादी आजी किंवा ताई महिन्यातून एकदा येऊ शकते. याला पैसा लागत नाही. लागते ती मुख्याध्यापकांची परवानगी, आणि ‘वर्गात फक्त इंग्रजीच’ किंवा ‘फक्त शाळेचीच भाषा’ असा दंडक नसणं. घरची भाषा बोलल्याबद्दल दंड किंवा शिक्षा अजूनही काही शाळांत होते. ती ताबडतोब थांबली पाहिजे. बोलायला घाबरलेलं मूल इंग्रजीही बोलत नाही.

पालकांचा आग्रह हा प्रशासनाच्या बैठकांत ‘अडथळा’ म्हणून मांडला जातो. मला ते मान्य नाही. नोकरी, वरचं शिक्षण, न्यायालय, संगणक हे सगळं इंग्रजीने अडवून ठेवलेलं आहे, हे पालकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, कारण ते त्यांनी सोसलेलं असतं. त्यांची मागणी शंभर टक्के रास्त आहे. फक्त लवकर आणि इंग्रजीतून म्हणजे जास्त इंग्रजी, हा त्यांचा हिशोब चुकतो, आणि तो त्यांना भाषणाने पटत नाही. मी शिक्षकांना एक गोष्ट करून पाहायला सांगते. पालकसभेत मुलाला इंग्रजी पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या. मूल खडखडा वाचतं, पालक खूश होतात. मग आईलाच सांगा, आपल्या भाषेत त्याला विचारा, काय वाचलंस? त्यानंतर होणारी चर्चा फार प्रामाणिक असते. पण ती करायची तर शाळेकडे दुसरा मार्ग तयार हवा. नुसतं ‘घाई करू नका’ सांगून पालकाला परत पाठवलं तर तो पुढच्या वर्षी मुलाला जवळच्या स्वस्त इंग्रजी शाळेत घालेल, जिथे शिक्षकाची इंग्रजी तितकीच कच्ची असेल.

भारतातली एक आकडेवारी इथे उपयोगी आहे. ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या २०२३ च्या ‘असर’ पाहणीत २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुला-मुलींची चाचणी झाली. इंग्रजी वाक्यं ५७.३ टक्क्यांना वाचता आली आणि वाचता आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना अर्थ सांगता आला. त्याच वेळी साधारण एक चतुर्थांश तरुणांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता येत नव्हता. ज्यांना पहिलंच वाचन साधलेलं नाही त्या एक चतुर्थांशांना इंग्रजीच्या आणखी तासिका देऊन काय मिळणार?

आता करायचं काय. १९२० च्या दशकात ढाक्यात शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय चालवणारे मायकेल वेस्ट यांनी विचारलेला प्रश्न मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक मुलं अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच शाळा सोडतात, मग त्यांनी अर्ध्यावर सोडला तेव्हा त्यांच्या हातात काय पडतं? विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तरी काही रक्कम मिळते, तशी प्रत्येक इयत्तेच्या इंग्रजीची ‘सरेंडर व्हॅल्यू’ असली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपले अभ्यासक्रम मात्र दहावी-बारावी पूर्ण करणाऱ्या मुलाकडे पाहून उलटे खाली उतरवलेले असतात. पाचवीत शाळा सुटलेल्या मुलीला ‘प्रेझेंट परफेक्ट’ अर्धवट येत असतो, पण औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता येत नाही.

हा प्रश्न धरून इयत्तांचा क्रम लावला की तो असा होतो. पहिली दोन वर्षं इंग्रजी फक्त कानाची आणि तोंडाची. गाणी, सूचना पाळणं, चित्राकडे बोट दाखवणं, ‘गिव्ह मी’, ‘व्हेअर इज’, ‘आय वाँट’. इंग्रजी अक्षरं गिरवणं नाही, स्पेलिंगची परीक्षा नाही. याच दोन वर्षांत सगळा जोर मुलाला कळणाऱ्या भाषेत, निदान घरच्या सर्वांत जवळच्या भाषेत, वाचन पक्कं करण्यावर. वाचन बसलं की, बहुतेक तिसरीत, इंग्रजी वाचन सुरू. पण तोंडी येत असलेल्याच शब्दांचं. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तो वाचायला दिला की मूल आवाज काढायला शिकतं, वाचायला नाही. पाचवीनंतर व्याकरणाकडे लक्ष, तेही आधी वापरून झालेल्या वाक्यांवरून.

माध्यमाबद्दल माझं मत ठाम आहे. गणित आणि विज्ञान निदान प्राथमिक संपेपर्यंत कळणाऱ्या भाषेतच राहावं. नायजेरियात शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा यांनी १९७० मध्ये इफे इथे सुरू केलेल्या प्रयोगात मुलं सहा वर्षं योरुबा या आपल्या भाषेतून शिकली आणि इंग्रजी हा विषय स्वतंत्र, इंग्रजी येणाऱ्या शिक्षकाने शिकवला. ही मुलं इंग्रजीत मागे पडली नाहीत आणि बाकीच्या विषयांत पुढे गेली. इथियोपियाने १९९४ नंतर काही प्रदेशांत आठवीपर्यंत मातृभाषा माध्यम ठेवलं. २००७ च्या अभ्यासात त्या प्रदेशांतली मुलं आठवीच्या गणित-विज्ञानात सरस दिसली. जिथे इंग्रजी माध्यमात जाणं टळणार नाही तिथे एका दिवसात उडी मारू नये. दोन-तीन वर्षं द्विभाषिक पुस्तक, द्विभाषिक प्रश्नपत्रिका, उत्तर कोणत्याही भाषेत लिहायची मुभा. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात २०१२ पासून कोफिम्वाबा भागातल्या शाळांनी चौथीपुढे इसिखोसा या तिथल्या भाषेतून गणित-विज्ञान सुरू ठेवून पाहिलं, आणि २०२५ पासून तो देश चौथीत द्विभाषिक पद्धत व्यापक प्रमाणावर आणतो आहे.

शिक्षकाकडे परत येते, कारण सगळं तिथे येऊन थांबतं. दहा दिवसांचं प्रशिक्षण, मोठं सभागृह, वरून आलेल्या साधन-व्यक्तीने वाचलेल्या स्लाइड्स. याने वर्ग बदलत नाही. केनियात २०१५ पासून ‘तुसोमे’ कार्यक्रमाने सुरुवातीच्या इयत्तांत इंग्रजी आणि किस्वाहिली दोन्हींची पुस्तकं प्रत्येक मुलामागे एक या प्रमाणात दिली, शिक्षकाला दिवसागणिक पाठ-आराखडा दिला आणि मुख्य म्हणजे आधीच नोकरीत असलेल्या पर्यवेक्षकांना वर्गात जाऊन मदत करण्याचं काम दिलं. बांगलादेशात २००८ ते २०१७ चाललेल्या ‘इंग्लिश इन ॲक्शन’ने शिक्षकाच्या साध्या मोबाइलमधल्या मेमरी कार्डावर वर्गात वाजवायची गाणी-संवाद आणि शिकवण्याचे व्हिडिओ भरून दिले. इंटरनेट लागत नव्हतं. एका शाळेतल्या दोन शिक्षकांनी मिळून करायचं होतं, एकट्याने नाही. या दोन्हींत शिक्षकाला आधी ‘चांगलं इंग्रजी’ यावं मग शिकवावं अशी अट नव्हती. शिकवता शिकवता त्याची इंग्रजी वाढते, पण त्याला आधाराला धरायला काहीतरी लागतं.

माझ्या अनुभवात शिक्षकाने रोज वापरायची पन्नास-साठ वाक्यं निश्चित करून दिली की सगळ्यात लवकर फरक पडतो. ‘ओपन युअर बुक्स’, ‘से इट टु युअर फ्रेंड’, ‘हू कॅन शो मी?’, ‘लेट्स लिसन अगेन’. ही वाक्यं त्याने रेकॉर्डिंगवर ऐकून पक्की करायची आणि वर्गात याच वाक्यांपुरती इंग्रजी बिनधास्त वापरायची. बाकी समजावणं कळणाऱ्या भाषेत. पाठाचं रेकॉर्डिंग मिळालं की पेन्सिलीने लिहिलेल्या उच्चारांची गरज हळूहळू कमी होते.

दुसरी गोष्ट, जोडीने बोलणं. वरच्या हिशोबातले ४० तास घ्या. त्यातला एक तृतीयांश वेळ मुलांनी एकेकट्याने उठून बोलण्यात गेला आणि वर्गात ४० मुलं असली, तर एका मुलाच्या वाट्याला वर्षाला २० मिनिटं येतात. तोच वेळ जोड्यांनी वापरला तर प्रत्येकाला जवळपास ४०० मिनिटं मिळतात. यासाठी ना साधनं लागतात, ना शिक्षकाची इंग्रजी पक्की असावी लागते. फळ्यावर दोन वाक्यांचा नमुना, हातात वहीतलं चित्र, आणि तीन मिनिटं. चुका होतील. जोडीतली मुलं एकमेकांच्या चुकाही उचलतील. पण गप्प बसण्यापेक्षा ते बरं, यात मला शंका नाही. मघाशी सांगितलेल्या ‘सुरक्षित’ पद्धतींना हाच खरा पर्याय आहे. चाळीस मुलं एकदम बोलत असताना शिक्षकाला कुणी कोंडीत पकडत नाही.

पण परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काही टिकत नाही. लेखी परीक्षेत गाळलेल्या जागा, समानार्थी शब्द आणि पाठ केलेला निबंध विचारला जात असेल तर शिक्षक जोडीने बोलण्याचा तास कशाला घेईल? निदान प्राथमिक इयत्तांत अर्धे गुण तोंडी आणि ऐकण्याला असावेत. आणि वाचनाच्या प्रश्नाचं उत्तर मुलाला हव्या त्या भाषेत देता यावं. अर्थ कळला की नाही हे तपासायचं असताना त्याच उत्तरात इंग्रजी लेखनाचीही परीक्षा घेतली तर दोन्हींतलं काहीच कळत नाही. पुस्तकांबद्दल एवढंच म्हणेन : ती शाळा उघडण्याच्या दिवशी हातात नसतील तर त्या वर्षीचा अभ्यासक्रम त्या प्रमाणात कापावा, शिक्षकावर पूर्ण करण्याची सक्ती नसावी.

प्रश्न विचारणाऱ्यांकडे शाळेला भेट देण्याचा अधिकार असेल तर पहिल्या भेटीत निकालपत्रक मागू नका. चौथीच्या वर्गात मागच्या रांगांतली पाच मुलं निवडा. त्यांना आधी शाळेच्या भाषेतला दुसरीचा परिच्छेद वाचायला द्या आणि अर्थ त्यांच्या घरच्या भाषेत विचारा. गरज पडली तर मोठ्या मुलाची मदत घ्या. मग एक चित्र दाखवून इंग्रजीत तीन सोप्या गोष्टी विचारा. शेवटी शिक्षकाशी दार लावून शांतपणे बोला : इंग्रजीच्या कोणत्या पाठाची तुम्हाला धास्ती वाटते? या तीन उत्तरांवरून पुढच्या सहा महिन्यांचं काम ठरवा. पाचांपैकी तिघांना परिच्छेद कळला नसेल तर इंग्रजी तूर्त तोंडीच ठेवा आणि इंग्रजी वाचनाचा वेळ पहिल्या भाषेच्या वाचनाकडे वळवा. तसं लेखी आदेशात नोंदवा, नाहीतर पुढच्या तपासणीत अभ्यासक्रम अपुरा राहिल्याबद्दल त्याच शिक्षकाला जाब विचारला जाईल.